आयलेट फक्त मोटर न्यूरॉनमध्येच असतं ना? मग माझ्या स्लाइडवर इतकं काय काय चमकतंय?

चिकू_एमएस्सी

नमस्कार मंडळी,

एमएस्सी प्राणिशास्त्र, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्ट कोंबडीच्या भ्रूणाच्या मेरुरज्जूतल्या मोटर न्यूरॉनवर, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींवर आहे. हॅचरीतून फलित अंडी आणली, सहा दिवस उबवली, भ्रूण फिक्स करून क्रायोस्टॅटवर आडवे काप घेतले आणि आयलेट हे प्रथिन कुठल्या पेशींत आहे ते दाखवणारी ४डी५ अँटिबॉडी लावली. जो पेपर उघडावा त्यात मोटर न्यूरॉन दाखवायला हीच वापरलेली.

मेरुरज्जूच्या पोटाकडच्या बाजूला, डावीउजवीकडे, ठळक झुबके आलेत. तिथवर ठीक. पण मेरुरज्जूच्या बाहेर, दोन्ही अंगांना, दोन मोठे लांबट गोळे आहेत आणि ते झुबक्यांइतकेच झगझगीत. शिवाय पाठीकडच्या भागात तुरळक पेशी चमकतात. बरं, काही कापांत झुबका मोठा, पार बाहेरच्या कडेपर्यंत पसरलेला, काहींत एवढासाच. भ्रूण एकच, रंगवलं एकाच दिवशी.

आणि सगळ्यात मोठा घोळ: पुस्तकात लिहिलंय की हातपायांकडे जाणाऱ्या पेशींच्या रांगेत बाहेरच्या अर्ध्या भागात आयलेट-१ नसतं. माझ्याकडे तो अर्धा भागही लखलखतोय.

गाईड म्हणतात रंगवण्यात गडबड आहे, परत कर. अँटिबॉडी तळाला गेलीय. परत करण्याआधी कुणी सांगेल का, यातलं काय खरं आणि काय खोटं?

डबल_हेलिक्स

बॅकग्राउंड आहे, म्हणजे अँटिबॉडी नको तिथेही चिकटलीय. डायल्यूशन वाढव, ब्लॉकिंग जास्त वेळ ठेव. नाहीतर आयलेटचा नाद सोड आणि एचबी९ या दुसऱ्या प्रथिनाची अँटिबॉडी लाव. मोटर न्यूरॉनचा खरा मार्कर तोच.

बुरशी_मावशी

चिकू, बाई, काहीही परत करू नकोस. तुझी स्लाइड चांगली आहे. मला तर वाचूनच हेवा वाटला.

बॅकग्राउंड असतं तर सगळीकडे धुरकट दिसलं असतं. तुला दिसतंय ते नेमक्या पेशींच्या केंद्रकांत, आणि दोन्ही बाजूंना सारखं. ते लांबट गोळे म्हणजे डॉर्सल रूट गँग्लिया, संवेदी चेतापेशींची वसाहत. तिथे आयलेट-१ भरपूर असतं, असायलाच हवं. पाठीकडच्या तुरळक पेशी म्हणजे डीआय३ जातीचे इंटरन्यूरॉन, चेतापेशींना आपसात जोडणाऱ्या मधल्या पेशी. त्यांच्यातही आयलेट-१ असतं. हे जनुक सापडलं तेच मुळी १९९० मध्ये इन्सुलिनच्या जनुकाला चिकटणारं प्रथिन म्हणून, स्वादुपिंडाच्या कामातून. हृदयाच्या वाढीतही ते लागतं. आणि डबल_हेलिक्स, एचबी९ही स्वादुपिंडात लागतं बरं का. त्यामुळे 'खरा मार्कर' वगैरे विसरा. कोल्हापूर स्टँडवर उतरून नुसतं "पाटलांचं घर कुठंय" विचारलंत तर जे होईल तेच एका जनुकावरून पेशी ओळखायला गेलात की होतं.

पेशी ठरते ती जोडीनं. उदाहरण घे. एलएचएक्स३ हे प्रथिन एनएलआय नावाच्या जोडप्रथिनाबरोबर एकटंच बसलं, तर पेशी व्ही२ इंटरन्यूरॉन होते. त्याच एलएचएक्स३बरोबर आयलेट-१ही आत शिरलं, तर सहा घटकांचा वेगळा संच तयार होतो, डीएनएवर वेगळ्या जागी बसतो, आणि पेशी मोटर न्यूरॉन होते. उंदरात आयलेट-१ काढून टाकलं की मोटर न्यूरॉन तयारच होत नाहीत. हे १९९६ पासून माहीत आहे.

आता एचबी९. त्याची गंमत जास्त आहे. ते काढून टाकलेल्या उंदरांत मोटर न्यूरॉन जन्माला येतात, पण त्यांच्यात व्ही२ची जनुकं चालू होतात. १९९९ मध्ये दोन गटांनी हे एकाच सुमारास दाखवलं. म्हणजे एचबी९चं मोठं काम शेजारच्या पेशीची जनुकं गप्प बसवणं हे आहे.

आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तिथेच आहे, जे वर्गात सांगितलं जात नाही. आपण शिकवतो की अमुक जनुक 'चालू' झालं म्हणून तमुक पेशी झाली. मेरुरज्जूत बघशील तर बहुतेक जनुकं दुसऱ्याला बंद करण्यात गुंतलेली असतात. अगदी सुरुवातीपासून बघ. खाली नोटोकॉर्ड (मेरुरज्जूखालचा दांडा) आणि फ्लोअर प्लेट (मेरुरज्जूचा तळ) सॉनिक हेजहॉग हे निरोप्या प्रथिन सोडतात. खाली जास्त, वर जावं तसं कमी. प्रमाण दोन-तीन पटींनी बदललं की पेशीचा प्रकार बदलतो. पण नुसत्या उतरत्या प्रमाणावरून रेघ मारल्यासारख्या सीमा येतील कशा? त्या येतात भांडणातून. एनकेएक्स२.२ आणि पॅक्स६ ही जनुकं एकमेकांना दाबतात, ऑलिग२ आणि आयआरएक्स३ एकमेकांना दाबतात. जिथे जो जिंकला तिथे त्याचा पट्टा. खालून वर पी३, पीएमएन, पी२, पी१, पी० असे जन्मदात्या पेशींचे पाच पट्टे. मोटर न्यूरॉन येतात ते फक्त पीएमएनमधून, जिथे ऑलिग२ टिकून राहिलं. आणि हे ऑलिग२ स्वतःही दाबणारंच प्रथिन आहे. ऑलिग२ नसलेल्या उंदराच्या मेरुरज्जूत मोटर न्यूरॉन नाहीत आणि ऑलिगोडेंड्रोसाइटही (चेतातंतूंना वेष्टण देणाऱ्या पेशी) नाहीत, कारण नंतर याच पट्ट्यातून तेही निघतात.

वेळेचाही हात आहे यात. सर्वात खालच्या पी३मधल्या पेशीही आधी ऑलिग२ दाखवतात. हेजहॉगचा मारा पुढे चालूच राहिला की एनकेएक्स२.२ येऊन त्याला हुसकावतं. म्हणून 'किती' याच्या जोडीला 'किती वेळ' हेही मोजावं लागतं.

सेमिनारला कुणी विचारलं की हे हेजहॉगचं खरं कशावरून, तर नोटोकॉर्डच्या कलमाचा प्रयोग सांग. कोंबडीच्या भ्रूणात जादा नोटोकॉर्ड मेरुरज्जूच्या कडेला नेऊन ठेवला तर भलत्या जागी, त्याच्या आसपास, मोटर न्यूरॉन उगवतात. आपल्या एमएस्सीच्या प्रॅक्टिकलमधली ती ३३ तासांची स्लाइड आहे ना, जिच्यावर नोटोकॉर्डला बाण काढून गुण मिळवतो, तोच हा.

अँटिबॉडी आणि झुबक्यांचं उत्तर रात्री लिहिते. कुकर झालाय.

चिकू_एमएस्सी

मावशी, मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. गँग्लिया!! पुस्तकातल्या आकृतीत ती कापून टाकलेली असतात, म्हणून लक्षातच आलं नाही. रात्रीची वाट बघते.

बुरशी_मावशी

आले. आधी झुबका लहान-मोठा का, ते.

तू काप कुठल्या पातळीवरचे ते लिहिलं नाहीस, पण मी पैज लावते. मोठा झुबका असलेल्या कापात कडेला पंखाची किंवा पायाची कळी कापली गेलेली दिसेल. लहान झुबक्याच्या कापात दिसणार नाही. बघ आणि सांग.

मेरुरज्जूत मोटर न्यूरॉन उभ्या रांगांनी बसतात. पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंची रांग आतल्या अंगाला, ती लांबच लांब, वरपासून खालपर्यंत. हिच्यात एलएचएक्स३ टिकून राहतं. बाकीच्यांत ते थोडा वेळ दिसून मावळतं. हातपायांची रांग बाहेरच्या अंगाला, आणि ती फक्त हात आणि पाय असतात त्याच पातळ्यांवर. मधल्या छातीच्या भागात तिच्या जागी बरगड्यांमधल्या स्नायूंच्या पेशी आणि सिंपथेटिक गँग्लियाकडे जाणाऱ्या प्रीगँग्लिऑनिक पेशी. इथे एक सावधगिरी: पुस्तकातली आकृती उंदराची असते, त्यात या प्रीगँग्लिऑनिक पेशी बाहेरच्या कडेला काढलेल्या असतात. कोंबडीत त्या सरकत मधल्या नळीजवळ येतात. त्याला टर्नीचा स्तंभ म्हणतात. तुझ्या छातीच्या कापांत नळीच्या आसपास काही चमकलं तर दचकू नकोस.

कुठे कोणती रांग हे हॉक्स जनुकं, म्हणजे शरीराच्या पातळ्या ठरवणारी जनुकं, ठरवतात. पंखाच्या पातळीवर हॉक्ससी६, छातीत हॉक्ससी९, पायाच्या पातळीवर हॉक्स१०ची मंडळी. २००३ मध्ये डासेन, लिऊ आणि जेसल यांनी कोंबडीच्या भ्रूणात विजेच्या झटक्यानं जनुक घालून हे उलटंसुलटं करून दाखवलं. छातीत हॉक्ससी६ घातलं, तिथे हातपायाच्या रांगेच्या पेशी आल्या. पंखाच्या पातळीवर हॉक्ससी९ घातलं, प्रीगँग्लिऑनिक आल्या. इथेही तेच भांडण बघ. पुढे हॉक्ससी९ नसलेले उंदीर तयार केले तर छातीच्या पेशी सरसकट हातपायाच्या रांगेसारख्या झाल्या. याचा अर्थ हॉक्ससी९ छातीत बसून "इथे हात नको" एवढंच बजावत असतं.

हॉक्सचा हुकूम पुढे नेणारं जनुक म्हणजे फॉक्सपी१. २००८ मध्ये ते काढून टाकलेल्या उंदरांत हातपायांची रांगच नाहीशी झाली. तरीही मोटर न्यूरॉनचे लांब तंतू, म्हणजे अ‍ॅक्सॉन पायात शिरतात! फक्त कुठल्या स्नायूकडे जायचं याचा पत्ता नाही, वाटेल तिकडे फिरतात. मला हा निकाल फार आवडतो. पायापर्यंत कुणीही पोचेल, नेमक्या स्नायूला पोचण्यासाठी ओळख लागते.

आता तुझा मोठा घोळ. हातपायांच्या रांगेचे दोन भाग: आतल्या अर्ध्यात आयलेट-१, बाहेरच्या अर्ध्यात आयलेट-१ मावळतं आणि एलएचएक्स१ येतं. पुस्तक बरोबर आहे. पण आयलेट-२ नावाचं त्याचं भावंड दोन्ही अर्ध्यांत राहतं, आणि ४डी५ दोघांनाही ओळखते. म्हणून तुझी अख्खी रांग लखलखली. रंगवणं उत्तम झालंय, फक्त फोटोखाली 'आयलेट-१' न लिहिता 'आयलेट-१/२' लिही. परीक्षकानं आधी तेच विचारलं असतं.

१९९४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जेसल यांच्या गटानं हा लिम जनुकांचा (आयलेट, एलएचएक्स त्यातलीच) 'कोड' मांडला, तोही कोंबडीतच. बाहेरच्या अर्ध्यातलं एलएचएक्स१ पेशीच्या टोकाशी ईएफए४ हा रिसेप्टर वाढवतं. पायाच्या पोटाकडच्या भागात एफ्रिन-ए हे वाट दाखवणारं प्रथिन असतं. ईएफए४ला ते सोसत नाही, म्हणून अ‍ॅक्सॉन पाठीकडच्या स्नायूंत वळतो. इथेही ढकलणंच.

अवांतर: पुण्यात कोंबडीच्या भ्रूणावरचं काम नवं नाही. लीला मुल्हेरकर एडिनबरोला भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे काम करून आल्या आणि पुणे विद्यापीठात त्यांनी कोंबडीच्या भ्रूणावर संशोधक घडवले. अंडी स्वस्त, खिडकी कापली की भ्रूण समोर. उंदरासाठी जन्मभर अनुदानाची वाट बघणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

चिकू_एमएस्सी

पैज जिंकलात. मोठ्या झुबक्याच्या कापात पंखाची कळी स्पष्ट आहे, मी क्रॉप करून टाकली होती :)

एक शंका राहिली. सगळं जर आतच ठरलेलं असेल तर स्नायू काहीच सांगत नाही का? आमच्या वर्गात सांगितलं होतं की स्नायू पेशीला खेचून घेतो.

बुरशी_मावशी

दोन्ही अर्धवट खरं. १९८० मध्ये सिंथिया लान्स-जोन्स आणि लिन लँडमेसर यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या मेरुरज्जूचे पायाच्या पातळीवरचे काही खंड कापून उलटे बसवले, पुढचे मागे, मागचे पुढे. अ‍ॅक्सॉन फुटायच्या आधी. पेशी बाहेर पडल्या त्या भलत्या जागेवरून, पण वाट वाकडी करून आपापल्या मूळच्या स्नायूला पोचल्या. म्हणजे कुठे जायचं ते त्यांना निघण्याआधीच ठाऊक होतं. फार दूर हलवल्या तर मात्र चुकतात. वाटेवरच्या खुणा जवळपासच्याच वाचता येतात.

पण शेवटचा एक टप्पा बाहेरून येतो. एका स्नायूच्या सगळ्या मोटर न्यूरॉनचा मिळून एक 'पूल', म्हणजे गट, असतो. काही पूलांत पीईए३ हे जनुक चालू होतं ते अ‍ॅक्सॉन बाहेर पडून जीडीएनएफ या तिथल्या प्रथिनाला भेटल्यावरच. जीडीएनएफ नसलेल्या उंदरांत त्या पेशींत पीईए३ येत नाही आणि त्यांची जागाही चुकते. हातापायाची कळीच कापली तरी पीईए३ येत नाही. म्हणजे रांग आत ठरते, पूलाचा काही भाग बाहेर.

आणि हो, सहा दिवसांचे भ्रूण घेतलेस हे बरं केलंस. यानंतरच्या काही दिवसांत हातपायांच्या रांगेतले साधारण निम्मे मोटर न्यूरॉन मरतात, आणि ते अगदी नॉर्मल आहे. आठ-नऊ दिवसांच्या भ्रूणात मोजणी केलीस तर आकडे कमी येतील, तेव्हा दोन वयांची तुलना करू नकोस.

निवांत_नाना

मी यातला नाही, रत्नागिरीत मासे खातो एवढंच. पण माशांना हातपाय नाहीत, मग ही हातपायांची रांग आली कुठून?

बुरशी_मावशी

नाना, प्रश्न झकास. तुमच्या पाकटाच्या जातकुळीतला स्केट मासा समुद्राच्या तळावर मागचे पर आळीपाळीनं टेकवत चक्क चालतो. २०१८ मध्ये डासेन यांच्या गटानं दाखवलं की त्याच्या पराच्या मोटर न्यूरॉनमध्ये हॉक्स आणि फॉक्सपी१ची हीच व्यवस्था आहे. म्हणजे आपले आणि त्याचे पूर्वज वेगळे झाले त्याच्याही आधीपासून ही रांग आहे. पाण्यातून बाहेर पडल्यावर ती नव्यानं बनवावी लागली नाही.

फिजिओ_पल्लवी

माझ्याकडे एसएमएची (स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी, मोटर न्यूरॉन मरत जाण्याचा आनुवंशिक आजार) मुलं येतात. पालक विचारतात, स्टेम सेलपासून मोटर न्यूरॉन बनवतात ना, मग ते टोचता येतील का? या धाग्यावरून विचारते.

बुरशी_मावशी

बनवतात. २००२ मध्ये विख्टर्ले आणि जेसल यांनी उंदराच्या भ्रूणीय स्टेम सेलना रेटिनॉइक अ‍ॅसिड आणि हेजहॉगसारखं काम करणारं औषध दिलं. म्हणजे भ्रूणात जे मिळतं तेच, त्याच क्रमानं. मोटर न्यूरॉन झाले आणि कोंबडीच्या भ्रूणात घातल्यावर स्नायूपर्यंत पोचले. माणसाच्या पेशींनाही जमतं, फक्त वेळ जास्त लागतो, उंदराच्या सुमारे अडीच पट.

पण टोचायचं म्हटलं तर वरचं सगळं आडवं येतं. कोणत्या पातळीचे, कोणत्या रांगेचे, कोणत्या पूलाचे? भ्रूणात अ‍ॅक्सॉनला काही मिलिमीटर जायचं असतं आणि वाटेत एफ्रिनसारख्या खुणा असतात. मोठ्या मुलाच्या पायात त्या तशा नसतात आणि अंतर हातभर. शिवाय एसएमएत ओळख चुकलेली नसते. एसएमएन१ जनुक निकामी असल्यानं नीट घडलेल्या पेशी मरतात. म्हणून तिथली औषधं त्या प्रथिनाचीच सोय करतात. नुसिनर्सेन एसएमएन२ या जुळ्या जनुकाकडून जास्त काम करून घेतं. अमेरिकेत ते २०१६ मध्ये मंजूर झालं.

पालकांना एवढं जरूर सांगा: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारात स्टेम सेल मंजूर क्लिनिकल ट्रायलबाहेर देता येत नाहीत, आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी पॅकेज सांगितलं की उठून यायचं.

फिजिओ_पल्लवी

धन्यवाद मावशी. शेवटचा परिच्छेद जशाच्या तसा क्लिनिकमध्ये लावते.

चिकू_एमएस्सी

गाईडना धागा दाखवला. म्हणाले, "बरं, मग आतला आणि बाहेरचा अर्धा वेगळा दाखव." अँटिबॉडीचे थोडेच काप होतील. काय लावू?

बुरशी_मावशी

४डी५ उंदरात बनवलेली आहे. तिच्याबरोबर त्याच कापावर सशातली फॉक्सपी१ लाव. दोघींच्या सेकंडरी (त्यांना चिकटून चमक देणाऱ्या अँटिबॉडी) वेगळ्या, भानगड होत नाही. ज्या पेशी दोन्हींत चमकतील ती तुझी हातपायांची रांग. फॉक्सपी१शिवाय नुसतं आयलेट, तेही आतल्या अंगाला, ती कण्याची रांग. छातीच्या कापात मात्र प्रीगँग्लिऑनिक पेशींतही फॉक्सपी१ थोडं असतं, हातपायांच्या रांगेपेक्षा फिकं. म्हणून पंख आणि छाती दोन्हींचे फोटो एकाच एक्सपोजरवर घे.

बाहेरच्या अर्ध्यासाठी एलएचएक्स१ची ४एफ२ मिळते. तीही उंदरातलीच, म्हणून ती लगतच्या कापावर लाव, त्याच कापावर नको. आणि ४एफ२ लावलीस की मेरुरज्जूचा मधला आणि पाठीकडचा भागही भरभरून चमकेल. ते इंटरन्यूरॉन आहेत. डायल्यूशन वाढवू नकोस. आणि या वेळी पंखाची कळी क्रॉप करू नकोस.